अनोळखी कागदाची परीक्षा

परीक्षा इतिहासाची, पण प्रश्नपत्रिकेत एकही सन विचारलेला नाही. राजा, तह, लढाई यांपैकी कशाचेच नाव नाही. समोर फक्त एक उतारा आहे, दूरच्या काळात आणि बहुधा दूरच्या मुलखात कुणीतरी लिहिलेला. लेखक कोण, त्याने केव्हा लिहिले, एवढे वरच्या दोन-चार ओळींत सांगितले आहे. त्या काळाची माहिती असण्याची गरज नाही, हेही स्पष्ट केले आहे. मग प्रश्न येतो: या मजकुरावरून त्या समाजाविषयी आपल्याला काय कळते?

ऑक्सफर्ड विद्यापीठात इतिहासाच्या पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींसाठी २००४ साली ही चाचणी सुरू झाली. तिचे नाव 'हिस्टरी ॲप्टिट्यूड टेस्ट', संक्षेपाने 'हॅट'. आरंभी ती दोन तासांची होती आणि तीत एकाहून अधिक प्रश्न असत. २०१८ पासून एकच उतारा, एकच प्रश्न आणि एक तास, असे तिचे रूप झाले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज, मग चाचणी आणि त्यातून निवडलेल्यांची डिसेंबरात मुलाखत, असा तो क्रम होता.

अभ्यासक्रमच नसलेल्या परीक्षेची तयारी करायची कशी, असा प्रश्न आपल्याकडच्या पालकाला पडेल, आणि तो रास्त आहे. आपल्या मनात इतिहासाची परीक्षा म्हणजे पाठांतराची परीक्षा, हे समीकरण घट्ट बसलेले आहे. पण हे समीकरण एकट्या आपले नाही. ऑक्सफर्डलाही ते मोडायला बराच काळ लागला.

ऑक्सफर्डमध्ये आधुनिक इतिहासाचे राजनियुक्त अध्यासन १७२४ साली स्थापन झाले, तरी इतिहास हा पदवी परीक्षेचा विषय झाला तो १८५० नंतर, आणि तोही कायद्याशी जोडून. स्वतंत्र विषय म्हणून तो उभा राहिला १८७२ साली. त्या अध्यासनावर तेव्हा विल्यम स्टब्ज होते. इंग्लंडच्या राज्यघटनेचा विकास दाखवणारी मूळ लॅटिन सनदापत्रे निवडून त्यांनी १८७० साली 'सिलेक्ट चार्टर्स' हा संग्रह विद्यार्थ्यांच्या हाती दिला. हेतू असा, की मुलांनी मूळ कागद वाचावा. पण परीक्षेची गंमत अशी की मूळ कागदही नेमून दिला की त्याची टिपणे निघतात. कोणत्या कलमावर काय लिहायचे हे ठरून जाते आणि अस्सल सनदसुद्धा पाठांतराची वस्तू बनते.

याच काळात इंग्लंडमध्ये परीक्षेच्या शिकवण्यांचा धंदाही फोफावला होता, आणि त्याचा धागा हिंदुस्थानाशी जोडलेला आहे. मेकॉले यांच्या समितीने १८५४ साली हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी खुल्या स्पर्धेची योजना मांडली, तेव्हा वरवरच्या ज्ञानाला गुण मिळू नयेत अशी दक्षता घ्यावी, असे तिने आवर्जून बजावले होते. पुढच्याच वर्षी स्पर्धा सुरू झाली. काही वर्षांतच लंडनमध्ये वॉल्टर रेन यांच्यासारख्या शिकवणीवाल्यांचे नाव झाले. घोकून पास होता येणार नाही अशी परीक्षा काढावी आणि लोकांनी ती घोकण्याची युक्ती काढावी, हा खेळ तेव्हापासून चालू आहे.

१९०४ साली चार्ल्स फर्थ ऑक्सफर्डच्या त्या राजनियुक्त अध्यासनावर आले. इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या यादवीचे ते मोठे अभ्यासक. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी आपल्या विद्यापीठाला खडे बोल सुनावले. आपली परीक्षा उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी तयार करते, पण त्याला साधनाची पारख करता येत नाही आणि स्वतः शोध घेता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मूळ साधनांवर काम करण्याचे शिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमातच द्यावे, ही त्यांची मागणी. महाविद्यालयांतले शिक्षक त्यामुळे चिडले. आम्ही संशोधक घडवत नाही, सुशिक्षित माणसे घडवतो, अशी त्यांची बाजू होती, आणि तीही अगदीच पोकळ नव्हती. त्यांनी लेखी निषेध नोंदवला. फर्थ यांच्या मताचे टी. एफ. टाउट यांनी मँचेस्टरला तशी व्यवस्था प्रत्यक्षात आणली. ऑक्सफर्डमध्ये मात्र फर्थ १९२५ साली निवृत्त होईपर्यंत फारसे काही हलले नाही.

फर्थ यांच्या त्या व्याख्यानानंतर बरोबर १०० वर्षांनी 'हॅट' सुरू झाली. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. 'हॅट'चे निमित्त व्यावहारिक होते. ऑक्सफर्डची जुनी प्रवेश परीक्षा १९९५ साली बंद झाली होती आणि शालान्त परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणारे अर्जदार इतके वाढले होते की त्यांच्यात निवड करणे अवघड झाले. तरीही परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. जी गोष्ट पदवीच्या अखेरीस विद्यार्थ्याला यावी म्हणून फर्थ झगडले, तिचा अंकुर आता दारातच पाहिला जाऊ लागला. आणि कागद अनोळखी ठेवल्यामुळे स्टब्जच्या सनदांची जी गत झाली ती टळली.

हे वाचन नेमके करायचे कसे, हे घरचा कागद घेऊन पाहू. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' सुमारे १७१५ सालचे. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय येतो. त्याचा आशय असा: राज्यातल्या अरण्यात सागवानासारखी झाडे आहेत, त्यांपैकी लागतील ती हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत. आणखी हवे असेल तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे, पण त्याला हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. प्रजेला पीडा दिल्याचा दोष धन्याच्या पदरी पडतो आणि झाडे गेल्याने हानीही होते. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये.

हा उतारा आपल्या परिचयाचा आहे आणि तो अनेकदा थेट शिवछत्रपतींच्या नावावर सांगितला जातो. आपण तो वाचतो आणि राज्यकर्ता किती प्रजावत्सल होता, असे म्हणून थांबतो. परीक्षेत एवढेच लिहिणाऱ्याने उताऱ्याचा सारांश तेवढा दिला, असे होईल.

पुढचे पाऊल असे, की मनाई हीच एक साक्ष असते. जे कुणी करतच नाही त्याला कुणी मनाई करत नाही. आरमारासाठी लाकूड आणणारे कारकून आणि कामगार रयतेच्या झाडांवर कुऱ्हाड चालवत असावेत, निदान तशी धास्ती राज्यकर्त्याला वाटत असावी. म्हणजे हा कागद आदर्शाचा पुरावा आहे, तसा आदर्श मोडला जाण्याचाही. किती वेळा मोडला जाई, ते मात्र या कागदावरून सांगता येत नाही. कागद जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचे, ही या वाचनाची पहिली शिस्त.

मग शब्दांकडे वळावे. झाडाला मालक आहे, त्याला राजी करायचे आहे, किंमत द्यायची आहे. म्हणजे रयतेचा झाडावरचा हक्क राज्यकर्ता मानतो. पण मालक राजी झालाच नाही तर काय, हे मजकूर सांगत नाही. कारणेही एक नाहीत, तीन आहेत: रयतेचे दुःख, धन्याला लागणारा दोष आणि हानी. दया, धर्म आणि व्यवहार अशा तिन्ही दोऱ्या लेखकाने एकत्र वळल्या आहेत. आज्ञा अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. नुसता हुकूम पुरणार नाही, पटवूनही द्यावे लागेल, असे लिहिणाऱ्याला वाटत असावे.

सर्वांत शेवटी येते ते मौन. आंबा-फणसाला लेकराची उपमा मिळाली, सागवानाला मिळाली नाही. अरण्यातल्या झाडाला हुजूरची परवानगी पुरते, तिथे राजी करण्याजोगा कुणी दिसत नाही. त्या अरण्यात राहणाऱ्यांचे, त्यावर जगणाऱ्यांचे काय? हा कागद त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नाही. आणि रयतेचे दुःखही रयत सांगत नाही, तिच्या वतीने अमात्य सांगतात. लिहिणाऱ्याला सांगायचे होते त्याहून अधिक काही कागदात राहून जाते. ते वेचणे, हे या परीक्षेचे सारे मर्म.

तयारी याचीच करायची. वॉल्टर रेन यांच्या वंशजांना इथेही वाव होताच. 'हॅट'साठी शिकवण्या निघाल्या, नमुना उत्तरे फिरू लागली. पण तयार साच्यात दोन दोष हमखास येतात. एक म्हणजे प्रत्येक साधनाला 'पूर्वग्रहदूषित' असा शिक्का मारून मोकळे होणे. पूर्वग्रह कोणता, कुणाविरुद्ध, कोणत्या शब्दातून दिसला, हे सांगितल्याशिवाय तो शिक्का निरुपयोगी. दुसरा म्हणजे जुन्या माणसांना आजच्या न्यायासनासमोर उभे करणे. साचा अनोळखी कागदावर लगेच उघडा पडतो.

या पद्धतीच्या मर्यादाही नीट ध्यानात घ्यायला हव्यात. आज्ञापत्र मोगलांशी झालेल्या दीर्घ झुंजीनंतरचे, सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये झाल्यावर कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतले आहे. शिवकाळ पाहिलेला जाणता कारभारी त्यात बोलतो. हे कळले की नवा प्रश्न उभा राहतो: यात शिवकाळाची रीत नोंदवली आहे, की १७१५ च्या विस्कटलेल्या राज्याला काय करायला हवे ते सांगितले आहे? याचे उत्तर त्या एका उताऱ्यात नाही, इतर कागदांशी ताडून पाहिल्यावरच ते हाती लागेल. एका तासाची चाचणी या उंबरठ्यापर्यंत आणते. खरा इतिहास त्याच्या पलीकडे आहे, आणि तिथे सन-सनावळ्यांवाचून चालत नाही.

दुसरी मर्यादा न्यायाची. पुस्तके विकत घ्यायला नकोत, जुन्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाने सर्वांसाठी खुल्या केलेल्या, तेव्हा ही परीक्षा सर्वांना समान वाटे. पण ज्या घरात छापलेल्या शब्दावर वाद घालण्याची मुभा आहे, ज्या वर्गात शिक्षक निबंध तपासून समासात प्रश्न लिहून परत देतो, तिथल्या मुलाची तयारी दहा वर्षे आधीच सुरू झालेली असते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात बसणाऱ्याला ती मुभा आणि तो समास मिळत नाही.

आपल्याकडे वारे उलट दिशेने वाहिले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए. प्रवेशासाठी पूर्वी सविस्तर उत्तरे लिहावी लागत. २०१९ पासून तिथे संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा आली आणि पुढे केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक 'सीयूईटी' आली. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. लाखो अर्जदार, अनेक भाषा, तपासणाऱ्याच्या मर्जीविषयीची शंका, हे सगळे पाहता यंत्राने तपासण्याची ओढ समजण्यासारखी आहे. पण परीक्षा एका दिवसाची असली तरी तिची सावली आधीच्या तीन वर्षांवर पडते. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर मुले चार पर्यायांत मावेल तेवढेच वाचतात. आज्ञापत्राचे साल त्यांना पाठ असते. त्या सागवानाविषयी त्यांना कुणी विचारत नाही.

खंत अशी की ही विद्या आपल्याला उसनी आणायची नव्हती. फर्थ यांच्या व्याख्यानाच्या सहा वर्षे आधी, १८९८ साली, वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती आणि त्या पत्रांवर बखरी घासून पाहणारी प्रदीर्घ प्रस्तावना होती. मागाहून रचलेली हकिकत आणि त्या दिवशी लिहिलेले पत्र यांत फरक करायला त्यांनी मराठी वाचकाला शिकवले. पुढे या मालेचे २२ खंड झाले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. हे सारे विद्यापीठाच्या परीक्षेबाहेर घडले, आणि बव्हंशी बाहेरच राहिले.

ते खंड आजही जुन्या ग्रंथालयांतल्या कपाटांत आहेत. इतिहासाकडे वळू पाहणाऱ्या मुलाला त्यांतले एखादे पत्र काढून द्यावे. खालची टीप कागदाने झाकावी. हे कुणी, कुणाला, कशाच्या भीतीने किंवा आशेने लिहिले, यात कोण बोलत नाही, आणि यावरून काय सांगता येत नाही, हे त्याने तासाभरात लिहावे. मग टीप उघडून पाहावी. अशी पन्नास पत्रे झाली की तो ऑक्सफर्डला जावो, पुण्याला जावो की कुठेच न जावो, समोर आलेला कोणताही कागद, मग ते फोनवर फिरणारे इतिहासाचे चिटोरे का असेना, त्याला मुकाट्याने मान डोलवायला लावू शकणार नाही.