पाच ‘ख’ची खिरापत : एक छोटासा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा, कार्यकर्त्यांच्या त्यागाचा आणि रंगमंचावरील यशाचा आढावा घेतला जाणे स्वाभाविक आहे. ते काम अधिकारी लेखकांवर सोपवून प्रस्तुत लेखकाने तळहातावर मावेल एवढाच विषय निवडला आहे. गणेशोत्सवात आरती आणि मंत्रपुष्पांजली झाल्यावर जी चिमूटभर खिरापत आपल्या उजव्या हातावर पडते, तिच्याविषयी चार शब्द येथे लिहावयाचे आहेत.

यास एक निमित्तही आहे. अलीकडे मंडळांच्या बैठकांत असा विचार कानी येतो की, आता खोबरे किसण्यास आणि खारका फोडण्यास कोणाला सवड आहे? त्यापेक्षा मिठाईचे तयार डबे आणावेत. विचार सोयीचा आहे, परंतु एखादी प्रथा मोडीत काढण्यापूर्वी तिची कुळकथा एकदा तरी तपासून पाहावी, असे वाटते.

खिरापतीचे शिष्ट नाव पंचखाद्य. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस असे हे पाच ‘ख’. काही घरांत खिसमिसऐवजी खजूर मोजतात. आपण यास अस्सल महाराष्ट्रीय पदार्थ मानतो. पण या पाचांची एकेक करून चौकशी केली, तर फार थोडे काही महाराष्ट्राच्या मातीतले निघते.

खारीक ही आखाती देशांतून येत असे. ओमानमध्ये ‘मबसली’ जातीचा खजूर पूर्ण पिकण्याआधी उतरवून मोठ्या कढयांत उकळतात आणि नंतर उन्हात वाळवतात. हा माल गलबतांनी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरे. मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील सुक्या मेव्याची पेठ या समुद्रव्यापाराची साक्ष आजही देते. किसमिस हा शब्द मूळचा फारसी ‘किश्मिश’. आपल्याकडे ‘ख’च्या पंक्तीत बसताना तो खिसमिस झाला. हा मेवा अफगाणिस्तानातून खैबरच्या वाटेने पेशावरला आणि तेथून खाली येई. १९४७च्या फाळणीने ती जुनी वाट बिकट केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘थॉम्पसन सीडलेस’ जातीची द्राक्षे नाशिक-सांगलीकडे रुजली, तासगावच्या परिसरात बेदाण्याचा धंदा उभा राहिला, आणि २०१६ साली सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे हा पाहुणा घरचा झाला तो अगदी अलीकडे. खसखस हे अफूच्या बोंडातले बी. तिचेही नाव फारसी-अरबी वळणाचे आहे. अफूची लागवड केंद्र सरकारच्या परवान्यावाचून करता येत नाही. ती मुख्यतः मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक जिल्ह्यांत होते, आणि तिच्यावर ग्वाल्हेरच्या केंद्रीय कार्यालयाची देखरेख असते.

राहिले खोबरे. कोकणच्या माणसास ते आपले वाटणारच. परंतु महाराष्ट्राच्या बाजारात जे गोटा खोबरे मिळते, त्यातले पुष्कळसे जुन्या म्हैसूर संस्थानातील तिपटूरहून जाते. तेथे पक्व नारळ सोलण्याची घाई न करता आठ ते बारा महिने माळ्यावर साठवून ठेवतात. आतले पाणी आटते, गर सुटतो आणि करवंटीत गोटा खुळखुळू लागतो, तेव्हाच नारळ फोडतात. शिवाय मराठी ‘खोबरे’, कन्नड ‘कोब्बरी’ आणि मलयाळम ‘कोप्परा’ हे शब्द उघडच एका गोत्राचे आहेत.

तात्पर्य, ओमानची खारीक, काबूलचा मेवा, माळव्याची खसखस आणि तिपटूरचे खोबरे एकत्र येऊन आपली खिरापत सिद्ध होते. या यादीत काजू नाही, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. पाच ‘ख’ची गणती करणाऱ्यांनी त्यास पंक्तीस घेतले नाही. द्राक्षे आणि खजूर यांची ओळख मात्र फार जुनी. चरकसंहितेत श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे, त्याचा आरंभच द्राक्षा आणि खर्जूर यांनी होतो. आरतीच्या टाळ्यांनी शिणलेल्या बालगोपाळांच्या हाती हेच दोन पदार्थ पडावेत, हा योगायोग सुखद आहे.

आता आपल्या येलवालकडे वळू. येथे अथवा म्हैसुरात एखाद्या कन्नड शेजाऱ्याकडे गणपतीच्या दर्शनास गेले, तर हातावर ‘पंचकज्जाय’ पडते. त्यात हरभऱ्याची डाळ किंवा डाळे, गूळ, खोबरे, तीळ आणि तूप, वर वेलदोड्याचा वास. वस्तू निराळ्या, पण नावाकडे पाहावे. संस्कृत ‘खाद्य’ याचे प्राकृतात ‘खज्ज’ होते. त्यावरूनच मराठीत ‘खाजे’ आले आणि कन्नडात ‘कज्जाय’. म्हणजे पंचखाद्य आणि पंचकज्जाय हा एकच शब्द आहे. एक संस्कृत रूप धरून राहिला, दुसरा प्राकृताच्या वाटेने दक्षिणेत आला. परमुलुखात आलो म्हणून ज्या प्रसादासाठी आपले मन हळवे होते, तो शेजारच्या देवघरात आपल्या आधीपासूनच नांदत होता.

येलवालच्या नावाशी वाटपाची आणखी एक थोर आठवण निगडित आहे. १९५७ सालच्या सप्टेंबरच्या २१ व २२ तारखांस येथे ग्रामदान परिषद भरली. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा भावे तेव्हा म्हैसूर राज्यातून पदयात्रा करीत होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद अशी परस्परभिन्न विचारांची माणसे या लहानशा कन्नड गावी एका मराठी साधकासमवेत बसली. विषय होता जमीन वाटून घेण्याचा. भूमीची आणि खिरापतीची तुलना कोणी करू नये हे खरे. तथापि जे आहे ते सर्वांच्या हातावर ठेवावे, आणि हात पुढे करणाऱ्याची जात, भाषा वा पक्ष पुसू नये, हा धडा देवळातल्या खिरापतीनेच आपल्याला लहानपणी दिलेला असतो.

खिरापतीचा दुसरा गुण टिकाऊपणाचा. म्हैसुरात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि १९६१ साली संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. सीमेवरच्या जवानाचे अन्न न शिजवता खाता यावे आणि न नासता टिकावे, हा दुसरीच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय. अन्नात सूक्ष्म जंतूंना वापरता येईल असे पाणी जितके कमी, तितके ते अधिक टिकते, हे त्यातले मूलतत्त्व. आपल्या आज्यांनी पाचही जिन्नस कोरडे निवडले, ते याच अनुभवाने. चुलीवाचून होणारा, ओल्या हाताचा स्पर्श टाळणारा आणि प्रवासात बरोबर नेता येणारा हा प्रसाद घरापासून दूर राहणाऱ्यांसाठीच जणू योजला आहे.

करण्याची रीत सोपी आहे. एक वाटी किसलेले सुके खोबरे, अर्धी वाटी खारकेची पूड, अर्धी वाटी कुटलेली खडीसाखर, पाव वाटी खसखस आणि पाव वाटी बेदाणे घ्यावेत. खारका बिया काढून, अडकित्त्याने बारीक कातरून उन्हात वाळवाव्या, मग खलबत्त्यात कुटाव्या. हल्ली हे काम मिक्सरवरही होते. सर्व हलक्या हाताने कालवून वेलदोड्याची पूड घालावी. पुष्कळ घरी खोबरे आणि खसखस किंचित भाजून घेतात, त्याने खमंगपणा वाढतो. परंतु मुले करीत असतील तर विस्तवाची गरज नाही. मऊ खजूर मळून त्यात हेच मिश्रण मिसळले आणि थापले, की साखरेवाचून वड्याही होतात. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी एक सूचना : सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा देशांत खसखस नेण्यास कायद्याची बंदी आहे. तेथे ‘ख’ चारच ठेवावेत, अथवा खजुराने पाच पुरे करावेत. देव रुसणार नाही.

मिठाईच्या डब्याविषयी लेखकाचा आकस नाही. डबा आणावयास एक मनुष्य पुरतो. खिरापत करावयास मात्र खारका फोडणारी आजी, खोबरे किसणारी सून, बेदाणे निवडता निवडता तोंडात टाकणारी नातवंडे आणि डाळे घेऊन मदतीस येणारी कन्नड शेजारीण एवढी माणसे एका सतरंजीवर बसावी लागतात. मंडळ म्हणजे तरी याहून निराळे काय असते? पुढील उत्सवात एका दिवशी पंचखाद्य आणि दुसऱ्या दिवशी पंचकज्जाय वाटावे, आणि दोन्ही मुलांच्या हातून करवून घ्यावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो. मंडळाच्या शताब्दीची खिरापत तीच मुले करणार आहेत.