काचेच्या बरण्या ते भिंतीवरची बॅटरी

लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रात राहिलेल्यांना इन्व्हर्टरची ओळख करून द्यायला नको. पंखा मंदावला, इन्व्हर्टर कुईं कुईं करू लागला, की घरातून हमखास आवाज यायचा, "अरे, बॅटरीत पाणी घातलंस का?" अमेरिकेत आलो आणि ही कटकट संपली, असं आपल्याला वाटलं. पण आता इथल्याच गॅरेजमध्ये बॅटऱ्या लागत आहेत. हे कसं झालं, ते आज ऐकू या.

घरात बॅटरी ठेवणं अमेरिकेला नवं नाही. १९१६ साली ओहायोतल्या डेटन शहरातून 'डेल्को-लाइट' हा संच बाजारात आला. त्यामागे होते मोटारीचा सेल्फ-स्टार्टर बनवणारे चार्ल्स केटरिंग. रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन आणि शेजारी फळीवर मांडलेल्या १६ काचेच्या बरण्या, असा तो थाट. प्रत्येक बरणीत शिसं आणि आम्ल, दोन व्होल्ट. सगळ्या मिळून ३२ व्होल्ट. इंजिनाने बरण्या भरायच्या आणि रात्री दिवे लावायचे. पाणी घालण्याचं काम तिथेही होतंच!

शेतकऱ्यांना हा खटाटोप करावा लागे, कारण खेड्यात तारा ओढणं वीज कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शंभरातल्या जेमतेम दहा शेतघरांत तारेची वीज होती. १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची योजना सुरू केली, पुढच्या वर्षी कायदा झाला. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, सरकारी कर्ज घेतलं, तारा ओढल्या. सामायिक तारेची वीज स्वस्त आणि भरपूर. बरण्या अडगळीत गेल्या.

पुढे एप्रिल १९५४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जने सिलिकॉनचा सौर सेल दाखवला. पडणाऱ्या उन्हातल्या सुमारे ६ टक्के ऊर्जेची तो वीज करी. पण सूर्य मावळला की काय? उत्तर लिथियम-आयन बॅटरीत होतं. ती १९९१ मध्ये बाजारात आली, आधी कॅमेऱ्यांसारख्या छोट्या वस्तूंसाठी. २०१५ मध्ये टेस्लाने भिंतीवर टांगायची पॉवरवॉल जाहीर केली. तिच्यात पाणी घालावं लागत नाही.

मग आला फेब्रुवारी २०२१. टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी पडली, गॅसपुरवठा आणि वीजकेंद्रं गोठली. १५ तारखेच्या पहाटे राज्याचं ग्रिड पूर्ण कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होतं. ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. काही थंडीने, तर काही ऊब मिळावी म्हणून बंद जागेत गाडी किंवा जनरेटर चालवल्याने विषारी वायूने. लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी जॉन गुडइनफ ज्या ऑस्टिन शहरात शिकवत, तिथेही अंधारच होता.

आता तुमच्या घराकडे वळू. छपरावर सौर पॅनेल आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. ग्रिड बंद पडलं की साधी सौर यंत्रणा आपोआप बंद होते, भर उन्हातसुद्धा. तुमची वीज तारेत शिरून दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये, म्हणून ही सोय. ग्रिडपासून घर तोडणारा स्विच आणि बॅटरी असेल, तरच दिवे लागतात.

हिशेबही समजून घ्या. साडेतेरा किलोवॅट-तासांची बॅटरी फ्रीज, चार दिवे आणि इंटरनेट, म्हणजे सरासरी ५०० वॅट, सुमारे २७ तास चालवेल. तिच्यावर ५ किलोवॅटचा हीटर लावलात, तर तीन तासही टिकणार नाही. म्हणून बॅटरी घेण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून यादी करा. आजोबांचं ऑक्सिजनचं यंत्र, इन्सुलिनचा फ्रीज आधी. ड्रायर, ओव्हन यादीबाहेर.

आणि एक. १९३५ च्या शेतकऱ्यांनी बरण्या सोडल्या, कारण तार सगळ्यांची होती. आज बॅटरी परवडणारी घरं मोजकीच आहेत. पुढच्या वादळात तुमच्या खिडकीत दिवा असेल, तर शेजारच्या आजींचा फोन तरी चार्ज करून द्या. दार ठोठवायला त्यांना लावू नका, आपणच जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!