दोन बाटल्या आणि एक नदी

अंबड शहरात होडी शोधायला निघालात तर मिळणार नाही. माशाच्या आकाराची टेकडी मात्र मिळेल. तिच्यावर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे, आणि टेकडी माशासारखी दिसते म्हणून देवीचं हे नाव, असं सगळे सांगतात. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते त्या गावाची देवी माशाच्या पोटातली, ही गंमत इथल्या लोकांच्या कधीच अंगवळणी पडली आहे.

होडी पाहायची असेल तर दक्षिणेला उतरत गोदाकाठी जायला हवं. शहागडच्या पुलावरून सोलापूर-धुळे महामार्ग नदी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. या पट्ट्याला गंगाथडी म्हणतात, कारण इथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पूल नव्हते तेव्हा अल्याडची माणसं पल्याड नावेतूनच जायची. आता पाण्यावर दिसतात त्या तीन प्रकारच्या गोष्टी. एक, मासेमारीची होडी. दोन, चप्पू, म्हणजे थर्माकोल किंवा ड्रम बांधून केलेला तराफा. मोटारीचा फुटबॉल अडकला की शेतकरी त्यावर बसून जातो. आणि तीन, केनी, म्हणजे पात्रातली वाळू ओढून काढणारी होडी. अंबडच्या बातम्यांमध्ये होडी येते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या रूपात, महसूलच्या पथकाने केन्या पेटवून दिल्या की.

म्हणजे पाण्यावर रोज असणारी माणसं आहेत. पाणी कधी हिरवं झालं, कधी वास मारायला लागलं, मासा कोणत्या आठवड्यात वर आला, हे त्यांना आधी कळतं. पण पाण्यावरून भांडण पेटतं तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही. भांडणाचा इतिहास पाहिला की हे असं का, ते थोडं समजतं.

जायकवाडी नावाचं गाव पैठणजवळ नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते बीड जिल्ह्यात आहे, धरणापासून कितीतरी खाली. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरणाचा विचार त्या गावाजवळ झाला होता. राज्यांची पुनर्रचना झाली, महाराष्ट्र झाला, आणि जागा वर पैठणला सरकली. नाव मात्र खालचंच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जलाशयाला एकनाथांचं नाव मिळालं, नाथसागर. शंभरावर गावांना त्याची झळ लागली. डावा कालवा 208 किलोमीटरचा, आणि अंबड तालुक्याचं ओलं स्वप्न या डाव्या कालव्याला बांधलेलं.

त्याच काळात राज्याराज्यांत गोदावरीच्या वाटणीचा खटला चालू होता. बच्छावत लवाद 1969 मध्ये नेमला गेला आणि 1980 मध्ये अंतिम निवाडा आला. पैठण धरणापर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरावं, हे त्यात मान्य झालं. आंध्राशी भांडण मिटलं. उरलं ते घरातलं.

घरातलं भांडण समजून घ्यायचं तर वरच्यांचीही बाजू ऐकायला हवी. आपल्याकडे, म्हणजे मराठवाड्यात, ती क्वचितच ऐकली जाते. नाशिक-नगरचा शेतकरी सांगतो की आमचे कालवे तुमच्या धरणाच्या कितीतरी आधीचे. ते खरंच आहे. दारणा धरण 1916 चं, भंडारदरा 1926 चं, नांदूर मधमेश्वरचा बंधारा ब्रिटिशकाळातला. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 चा. त्या पाण्यावर दोन-तीन पिढ्यांचे संसार उभे राहिले. मराठवाड्याचं म्हणणंही तितकंच खरं: जायकवाडीचा आराखडा झाला तेव्हा वर किती पाणी अडवायचं याचा हिशेब मांडला होता, आणि त्यानंतर वर धरणांवर धरणं होत गेली. नाथसागराची एकूण क्षमता साधारण 102 टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. एवढं मोठं भांडं बांधून ठेवलं आणि वर्षामागून वर्षं ते अर्धं राहिलं, तर माणसं चिडणारच.

चिडली. वरचे म्हणाले, आमचं पाणी पळवता. खालचे म्हणाले, आमच्या हक्काचं अडवता. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. तोडलेल्या झाडांच्या मोळ्या शेताच्या बांधावर पडलेल्या होत्या. त्या वर्षी वरून पाणी सोडलं गेलं आणि दोन्हीकडची भाषा बिघडली. पुढाऱ्यांना ती भाषा सोयीची होती. तिकडे 'थेंबही देणार नाही' म्हटलं की टाळ्या, इकडे 'ओरबाडून आणू' म्हटलं की टाळ्या. वर आणि खाली बऱ्याचदा एकाच पक्षाची माणसं होती, हे त्या टाळ्यांच्या आवाजात ऐकू यायचं नाही.

यात फरक पडला तो एका रुक्ष गोष्टीने. महाराष्ट्रात 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला होता. त्याच्या कलम 12(6)(ग) मध्ये म्हटलं होतं की टंचाईच्या वर्षी उपखोऱ्यातल्या सगळ्यांनी टंचाई सारखी वाटून घ्यायची. हे वाचायला छान. पण सारखी म्हणजे किती? ऑगस्ट 2013 मध्ये मेंढेगिरी समितीने उत्तर दिलं, तेही तक्त्यांत. खरिपात वापरलेलं पाणी धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. कोणत्या धरणसमूहाने किती, तेही ठरलेलं. सप्टेंबर 2014 मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला, सप्टेंबर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

भांडण संपलं का? नाही. 2015 मध्ये 12.84 टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा धरणांवर पोलीस बंदोबस्त लावावा लागला. 2018 मध्ये 8.99, 2023 मध्ये 8.6 टीएमसी, दर वेळी कोर्ट, दर वेळी आंदोलन. 2023 च्या त्या पावसाळ्यात आंतरवाली सराटीमुळे अंबड तालुक्याचं नाव देशभर गेलं होतं, आणि पाठोपाठ ऑक्टोबरात पाण्याचा वाद उभा राहिला. पण भांडणाचा विषय बदलला होता. 'तुम्ही चोर' याऐवजी लोक बोलू लागले वहनव्ययावर, मृतसाठ्यावर, नदीत सोडलेल्यापैकी किती पैठणला पोचतं यावर. वरच्यांनी 65 टक्क्यांवरच आक्षेप घेतला, तो तपासायला पुढे आणखी एक समिती बसली आणि तिने आकडा खाली आणायची शिफारस केली. मराठवाड्याने त्याला विरोध केला. सगळं खरं. तरी हा वाद एका आकड्यावरचा आहे, आणि आकड्यावर वाद घालताना समोरच्याचं गाव, जात, पक्ष काढण्याची गरज थोडी कमी पडते. मला तरी हे या पन्नास वर्षांतलं सगळ्यात मोठं काम वाटतं, धरणापेक्षाही.

आता प्रदूषणाकडे येऊ, कारण इथे गोष्ट उलटी फिरते.

किती पाणी, या वादात वरचे आणि खालचे सरळ ओळखता येतात. कसलं पाणी, या वादात ते येत नाहीत. नाशिकचं सांडपाणी गोदावरीत जातं म्हणून ओरडणारे पहिले लोक मराठवाड्यातले नव्हते. 2012 मध्ये या प्रश्नावर जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले ते नाशिकचेच गोदाप्रेमी, आपल्याच महापालिकेविरुद्ध. आणि नाथसागरात येणारी खाम नदी कुठून येते? छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे मराठवाड्याच्या राजधानीतून, शहराचं सांडपाणी घेऊन. खालच्यांचं धरण, खालच्यांचीच घाण. गंगाथडीच्या माणसाने बोट कुणाकडे दाखवायचं?

म्हणून मग सोपा मार्ग घेतला जातो: बोट त्याच्याकडे, ज्याच्याशी आधीच पटत नाही. मासे मेले की अमक्या पुढाऱ्याच्या कारखान्याची मळी. विरोधातला असेल तर नक्कीच मळी. आपल्यातला असेल तर ऊन जास्त होतं, ऑक्सिजन कमी पडला. दोन्ही कारणांनी मासे मरतात, हेच तर अवघड आहे. कोणत्या वेळी कोणत्या कारणाने, हे पाणी तपासल्याशिवाय कळत नाही, आणि पाणी तपासायला माणूस येईपर्यंत पाणी पुढे गेलेलं असतं.

पाण्यात काय आहे यापेक्षा पाणी कुणामुळे खराब झालं हे आधी ठरवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. मराठीत 'प्रदूषण' हा शब्द नंतर आला; त्याआधी पाणी 'बाटायचं'. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं, पंचगव्याने आणि मंत्रांनी. पाण्यात काय मिसळलं हा प्रश्नच नव्हता, कोण उतरलं एवढाच होता. त्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला होता, पण कोर्टाचा मनाई हुकूम आला आणि आंबेडकरांनी पाण्याकडे न जाता खटला लढवायचं ठरवलं. जमलेल्या लोकांना ते पटवणं सोपं नव्हतं. खटला दहा वर्षं चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही. तळं बाटण्याचा दावा करणाऱ्यांना अखेर पुरावा मागितला गेला, आणि त्यांच्याकडे तो नव्हता. नदीकाठच्या भोई, कोळी, कहार वस्त्यांकडे बोट दाखवून 'यांच्यामुळे घाट घाण होतो' असं कुणी सहज म्हणतं तेव्हा मला महाड आठवतं.

प्रदूषणाचा कायदा करणाऱ्यांना ही सवय माहीत असावी. महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता: राज्याचा स्वतःचा जलप्रदूषण कायदा 1969 चा, मंडळ 1970 चं. केंद्राचा कायदा आला 1974 मध्ये, आणि त्यातलं कलम 21 एकदा वाचण्यासारखं आहे. नमुना घ्यायचा तर आधी ज्याच्याकडे घ्यायचा त्याला तिथल्या तिथे नोटीस द्यायची. त्याच्या समोर पाणी घ्यायचं. त्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्या सील करायच्या, आणि सीलवर दोघांच्या सह्या, घेणाऱ्याची आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचीही. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत. त्याला भरवसा नसेल तर त्याच्या मागणीवरून दुसरी बाटली सरकारी जलप्रयोगशाळेत. आणि तो मुद्दाम गैरहजर राहिला तर? तरी नमुना घेता येतो.

कायद्याच्या रटाळ भाषेत लपलेला हा भांडणाचा शिष्टाचार आहे. समोरचा खोटं बोलेल असं गृहीत धरलं आहे, आणि तुम्हीही बोलाल असं गृहीत धरलं आहे. कुणाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवलेली नाही. म्हणूनच आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, दोघंही एका बाटलीवर सही करू शकतात. पंचांसमोर वाटणी करताना आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची, एकाने वाटावं आणि दुसऱ्याने उचलावं. तसलाच प्रकार.

मग अडतं कुठे? नमुने घेतले जात नाहीत असं नाही. केंद्रीय मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. 2022 च्या यादीत देशाचा आकडा 311 वर उतरला आणि महाराष्ट्राचा 55 वर चढला. गोदावरी दोन्हीत आहे. मोजण्याची पट्टीही साधी: पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, तो बीओडी. लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी आंघोळीच्या लायकीचं नाही. म्हणजे आकडा आहे. पण 65 टक्क्यांचा आकडा ओलांडला की दरवाजा उघडावा लागतो; 3 चा आकडा ओलांडला की अहवाल निघतो. एकाला तारीख आहे, 15 ऑक्टोबर, आणि त्या तारखेची वाट वरचे, खालचे, वकील, पत्रकार सगळे पाहतात. दुसऱ्याला अशी तारीखच नाही. परिणाम नसलेला आकडा कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या आकड्याच्या जागी शिव्या येतात.

नाशिकचा सिंहस्थ 2027 च्या पावसाळ्यात भरेल. तेव्हा रामकुंडाच्या पाण्यावर पुन्हा बोललं जाईल, आणि बोलणारे कोणत्या पक्षाचे आहेत ते आधी पाहिलं जाईल. तेच पाणी नांदूर मधमेश्वर, कायगाव, नाथसागर करत गंगाथडीला येतं. जालन्याची तहान आधी शहागडहून उचललेल्या पाण्यावर भागायची, आता थेट जायकवाडीच्या पाइपलाइनवर भागते. गोदावरीच्या पाण्याचे नमुने जिथे जिथे घेतले जातात त्या ठिकाणांची सरकारी यादी आहे. तिच्यात एक ओळ अशी आहे: जालना पाणीपुरवठ्याचं पंपहाऊस, शहागड, तालुका अंबड. तिथून खाली पात्राकडे पाहिलं तर होड्या दिसतात.