डायल-अप जोडणीतील आयपी पत्ता व मार्गनिर्देशन

डायल-अप जोडणी म्हणजे साध्या दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या साहाय्याने, संगणक इंटरनेटशी जोडण्याची पद्धत होय. अशा जोडणीत संगणकास आयपी पत्ता कसा मिळतो आणि त्याने पाठविलेली पॅकेटे कोणत्या वाटेने बाहेर पडतात, हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले असतात. पत्ता मिळाला पण वाट चुकली, तर मोडेम जोडणी झाल्याचे दर्शवितो, दूरध्वनीचे देयक वाढत राहते आणि संकेतस्थळ मात्र उघडत नाही.

भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई हे आरंभीच्या शहरांपैकी एक होते. त्या काळच्या शेल खात्यात ग्राहकाच्या संगणकास स्वतःचा आयपी पत्ता नसे. तो सेवादात्याच्या संगणकाचे केवळ टर्मिनल बने आणि पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. पुढील विवेचन टीसीपी/आयपी खात्यांना लागू आहे.

पत्ता मिळण्याची प्रक्रिया

स्लिप या जुन्या नियमावलीत (आरएफसी १०५५, १९८८) पत्त्याविषयी बोलणी करण्याची सोयच नव्हती; दोन्ही टोकांचे पत्ते आधी ठाऊक असावे लागत. पीपीपी या नियमावलीने (आरएफसी १६६१, १९९४) ही अडचण दूर केली. तीत प्रथम दुव्याच्या अटी ठरतात, मग पॅप किंवा चॅप पद्धतीने ग्राहकाची ओळख पटते आणि त्यानंतर आयपीसीपी हा टप्पा येतो. ग्राहकाचा संगणक स्वतःसाठी ०.०.०.० हा पत्ता मागतो. ही मागणी म्हणजे वस्तुतः ‘मला पत्ता द्या’ अशी विनंतीच असते. सेवादाता ती नाकारतो, पण नाकारतानाच आपल्या साठ्यातील एक पत्ता सुचवितो. ग्राहक तोच पत्ता पुन्हा मागतो व तो मान्य होतो. जोडणी तुटली की पत्ता साठ्यात परत जातो. पुढच्या खेपेस तोच मिळेल याची शाश्वती नसते.

मार्गनिर्देशन

पीपीपी दुव्यास दोनच टोके असतात. त्यामुळे इथरनेटप्रमाणे शेजारी शोधण्याची गरज पडत नाही आणि सबनेट मास्क बहुधा २५५.२५५.२५५.२५५ असा दिसतो. नवख्यास तो चुकीचा वाटतो, परंतु तो बरोबर आहे. उर्वरित जगाकडे जाण्यासाठी या दुव्यावरून एक डिफॉल्ट मार्ग असावा लागतो.

खरी गोची येथेच होते. संगणकात इथरनेट कार्ड असून त्यावर आधीच गेटवे नोंदविलेला असेल, तर लिनक्सवरील पीपीपीडी हा कार्यक्रम सामान्यतः जुना डिफॉल्ट मार्ग बदलत नाही. तशी नोंद लॉगमध्ये करून तो गप्प बसतो. पॅकेटे मग कार्यालयातील जाळ्याकडेच जात राहतात. यावर उपाय म्हणजे इथरनेटवरील गेटवेची नोंद काढणे. अंतर्गत जाळ्यासाठी त्याचा स्वतंत्र मार्ग पुरतो. दोष शोधताना प्रथम मार्गसारणी पाहावी, मग एखाद्या दूरच्या अंकी पत्त्यास पिंग करावे. उत्तर आले, पण नावाने संकेतस्थळ उघडले नाही, तर दोष मार्गात नसून डीएनएसमध्ये असण्याचीच शक्यता अधिक.

एका दुव्यावर अनेक संगणक

सेवादाता एकच पत्ता देत असल्याने घरातील वा कार्यालयातील इतर संगणकांना खासगी पत्ते (उदा. १९२.१६८.०.० पासूनचे) देऊन पत्ता-रूपांतर करावे लागते. विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय अंतर्भूत होती. तीत जोडणी पुरविणारा संगणक अंतर्गत जाळ्यावर १९२.१६८.०.१ हा पत्ता घेई. लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग चालू करून मास्करेड हा प्रकार वापरतात, कारण बाहेरचा पत्ता दर वेळी बदलला तरी नियम बदलावा लागत नाही.

गरजेनुसार आपोआप डायल करणारी व्यवस्था सोयीची खरी, पण खर्चिकही ठरू शकते. विंडोज संगणकांची नावे शोधणाऱ्या किरकोळ विचारणा डीएनएसकडे गेल्या, तरी मोडेम मध्यरात्रीही नंबर फिरवितो. अशा विचारणा गाळणे आणि दुवा रिकामा राहिल्यास तोडण्याची मुदत घालणे, हे दोन्ही आवश्यक असते.

पीपीपीचा वापर मोडेमबरोबर संपला नाही. पीपीपीओई या रूपात (आरएफसी २५१६, १९९९) ती ब्रॉडबँड जोडण्यांत वापरली जाते. तिच्या शीर्षकाची ८ बाइट जागा वजा जाता इथरनेटवरील १५०० बाइटांपैकी १४९२ उरतात.