जुन्या गाड्यांचा नाद नवी पिढी धरेल का? एका बाळबोध प्रश्नाचं संशोधन

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही रॅलीला जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आजकालच्या पोरांना यात कुठं रस आहे? आमच्यानंतर हे कोण सांभाळणार?’ आजूबाजूला बघितलं तर बॉनेट पुसणारे बहुतेक लोक पन्नाशी-साठीचे असतात, त्यामुळे वाक्य पटतंही. पण मित्रांनो, तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर इथंच थांबा. दिसलं ते खरं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असं नाही.

समजा तुम्ही सर्वेक्षण केलं आणि जुन्या गाड्यांच्या मालकांचं सरासरी वय 55 आलं. याचे तीन अर्थ निघतात. पहिला, हा वयाचा परिणाम: पन्नाशीत हातात पैसा येतो, पोरं मोठी झालेली असतात, गाडी उभी करायला जागा मिळते. तसं असेल तर आजची पोरंही पन्नाशीत तिथंच पोचतील. दुसरा, हा पिढीचा परिणाम: एका ठराविक काळात जन्मलेल्यांनाच या गाड्यांचं वेड, ते गेले की विषय संपला. तिसरा, काळाचा परिणाम: आता नियम, प्रदूषण, विजेवरच्या गाड्या अशी हवा आहे आणि ती सगळ्या वयांना सारखीच लागते. गोची अशी की वय म्हणजे सर्वेक्षणाचं वर्ष वजा जन्मवर्ष. दोन आकडे ठरले की तिसरा आपोआप ठरतो, त्यामुळे गणिताने हे तीन परिणाम सुटे करता येत नाहीत. एकाच वर्षाच्या सर्वेक्षणातून तर नाहीच नाही. मी विज्ञान शाखेचा माणूस, आकड्यांवर माझा जीव आहे, पण इथं इतिहासाकडेच जावं लागतं.

इतिहासात पहिलीच गोष्ट अशी सापडते की हा छंद म्हाताऱ्यांनी सुरू केलेलाच नाही. इंग्लंडमध्ये 1934 साली ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ स्थापन झाला, तो मर्यादित ऐपतीच्या हौशी लोकांसाठी. सुरुवातीची अट काय होती माहितीय? गाडी किमान पाच वर्षं जुनी हवी. फक्त पाच! त्यांना नवी गाडी परवडत नव्हती, आणि मंदीच्या काळात स्वस्तात घाऊक तयार होणाऱ्या गाड्यांपेक्षा आधीच्या दशकातल्या गाड्या चांगल्या, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे क्लबने 31 डिसेंबर 1930 ही सीमारेषा कायमची आखली. इथं गंमत झाली. रेषा जागची हलली नाही, पण वर्षं पुढे सरकत राहिली. जी गाडी काल सेकंडहँड होती ती आज दुर्मिळ, आणि परवा तरुणाच्या खिशाबाहेर. माझ्या मते ‘तरुण का येत नाहीत’ याचं निम्मं उत्तर या एका तारखेत आहे.

याउलट सरकती रेषा बघा. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत गाडी किमान 30 वर्षं जुनी लागते, म्हणजे दरवर्षी नव्या गाड्या आत येतात. ब्रिटनमध्ये वाहनकरातली सूट 25 वर्षांची सरकती होती, ती 1997 साली गोठवली. 2014 पासून 40 वर्षांची सरकती सूट आहे. अमेरिकेत तर वेगळ्याच कारणासाठी केलेल्या कायद्याने काम केलं. तिथल्या सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी 25 वर्षं पूर्ण झाली की आणता येते. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, आर-32 मॉडेल, जपानमध्ये 1989 साली आली. ती 2014 पासून अमेरिकेत यायला लागली. तिच्यामागे लागलेल्यांत तरुण भरपूर. लक्षात घ्या, ही गाडी त्यांच्या गल्लीत कधी उभी नव्हती. त्यांना ती भेटली ‘ग्रॅन टुरिस्मो’सारख्या व्हिडिओ गेममध्ये आणि सिनेमांत. तेव्हा ‘माणूस लहानपणी दारात पाहिलेल्या गाडीवरच जीव लावतो’ हे आवडतं गृहीतकही जपूनच वापरा.

आता आपल्याकडे या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनवल्या. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग 1100 डी, 1972 ला तिचंच नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि 1974 ला ‘पद्मिनी’. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा तिचे फोटो टाकणाऱ्यांत विशी-पंचविशीतले कमी नव्हते. ओढ आहे. मग पोरं पद्मिनी घेऊन ती सांभाळत का नाहीत?

इथं कागद वाचावे लागतात. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं. वर हरित कर वेगळा. दिल्ली परिसरात तर 15 वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्यावर न्यायालयीन आदेशांनी बंदी आली. दुसऱ्या टोकाला 2021 चे व्हिंटेज वाहनांचे केंद्रीय नियम: पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण हवीत, वापर खाजगी, मूळ सांगाडा आणि इंजिनात मोठा बदल नको, नोंदणी 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल आणि, हे खास तुमच्यासाठी, तांत्रिक संशोधन एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची.

म्हणजे 15 ते 50 या मधल्या 35 वर्षांत गाडीला नुसती ‘जुनी’ हीच ओळख. नेमक्या याच वयाच्या गाड्या तरुणाला परवडतात, 1934 च्या त्या पोरांना परवडल्या तशा. 1999 ची पद्मिनी व्हिंटेज होईल 2049 मध्ये. 2000 साली जन्मलेला तेव्हा 49 वर्षांचा असेल. मग पन्नाशीतलेच लोक रॅलीत दिसतात याचं नवल ते काय? आपण ज्याला वयाचा किंवा पिढीचा परिणाम समजत होतो, त्यातला बराच भाग नियमांतून येतो, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं तपासायचं कसं? एक सोपा मार्ग दुचाकींचा. नियम त्यांनाही तेच, पण किंमत कमी, जागा कमी लागते, आणि कार्ब्युरेटर उघडून बसायला अंगण पुरतं. 1985 ते 1996 दरम्यान बनलेली यामाहा आरएक्स 100 किंवा म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी यांच्या मालकांची वयं आणि पद्मिनीच्या मालकांची वयं शेजारी ठेवून बघा. दुचाकीवाले ठळकपणे तरुण निघाले तर आड येतात ते जागा आणि पैसा. नियमाला एकट्याला दोष देता येणार नाही, आणि माझा दावा तेवढा आखडता घ्यावा लागेल. दोन्हीकडे पन्नाशीचेच निघाले तर नियमाचा संशय बळावतो, पण पिढीचा मुद्दा तेवढ्याने बाद होत नाही. त्यासाठी 2021 च्या आधीचे आणि नंतरचे सभासद वेगळे मोजावे लागतील, आणि क्लबांच्या जुन्या सभासद-वह्यांमध्ये प्रवेशाच्या वेळचं वय लिहिलेलं असतं का, हे आधी जाऊन बघावं लागेल.