एका पेनीची किंमत



डब्लिनला आल्यापासून रोज ओ'कॉनेल स्ट्रीटवर बस पकडतोय, पण तिथला तो भलामोठा पुतळा कोणाचा हे शोधायला मला चार वर्षं लागली. वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

डॅनियल ओ'कॉनेल. जन्म १७७५, केरीमधला. कॅथलिक असल्यामुळे शिकायला फ्रान्सला जावं लागलं. १७९८ मध्ये डब्लिनला बॅरिस्टर झाला. कॅथलिकांना वकिली करायची मुभा मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. धंदा जोरात चालला, पण सरकारी वकिलीचं मानाचं पद त्याला बंद, कारण धर्म. पार्लमेंटचं दारही बंदच. तिथे बसायचं तर आपल्याच धर्माला खोटं ठरवणारी शपथ घ्यावी लागे.

१८२३ मध्ये त्याने कॅथलिक असोसिएशन काढली आणि पुढच्या वर्षी वर्गणी ठेवली महिन्याला एक पेनी. कुठल्याही गरीब कुळाला परवडेल अशी. आपल्याकडे पुढे पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला, तीच युक्ती!

१८२८ मध्ये तो क्लेअरमधून निवडणुकीला उभा राहिला. तेव्हा मतदान गुप्त नसे. ४० शिलिंगांच्या जमिनीवर मताचा हक्क मिळालेली कुळं जमीनदाराच्या देखत मत देत. उद्या घराबाहेर काढतील ही भीती असूनही त्यांनी ओ'कॉनेलला मतं दिली. २०५७ विरुद्ध ९८२! यादवी होईल या धास्तीने सरकार नमलं. १३ एप्रिल १८२९ ला कायदा झाला आणि कॅथलिकांना पार्लमेंट खुलं झालं.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच दिवशी दुसरा कायदाही झाला. आयर्लंडच्या परगण्यांत मताची अट ४० शिलिंगांवरून थेट १० पौंडांवर, म्हणजे पाचपट. दोन लाखांहून जास्त मतदारांचे जेमतेम ३७ हजार उरले. ज्यांनी पेनी दिली, मत दिलं, त्यांचंच मत गेलं. ओ'कॉनेलने निषेध केला, पण त्यासाठी चळवळ काही उभारली नाही. तो थोर होताच, पण हा हिशोब मला अजून टोचतो.

टोचण्याचं कारण घरचंच आहे. इथे राहणाऱ्या कोणालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, पासपोर्ट कुठला का असेना. जून २०२४ मध्ये मतदानाचं कार्ड पोस्टाने घरी आलं होतं. त्या दिवशी ऑफिसात रिलीज होतं, मी गेलोच नाही. कार्ड अजून फ्रीजवर आहे.

पुढची स्थानिक निवडणूक २०२९ ला. त्या कुळांचं मत गेलं त्याला तेव्हा बरोबर २०० वर्षं होतील. यावेळी रजा आधीच टाकणार आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.