तळटीप १७ : ‘बेरियमचे पांढरे पेय’

१७. बेरियमचे पांढरे पेय : अन्ननलिका व जठर यांचा क्ष-किरण फोटो काढण्यापूर्वी रुग्णाला पाजले जाणारे, बेरियम सल्फेटची बारीक भुकटी पाण्यात घोटून केलेले मिश्रण. १९१० च्या सुमारास ते वापरात आले. त्याआधी बिस्मथचे क्षार देत. बेरियमच्या जड अणूंमधून क्ष-किरण सहज पार होत नाहीत, म्हणून पोकळ अवयवाचा आकार फोटोत उठून दिसतो.

पाण्यात सुटे झालेले बेरियम आयन विषारी असतात. स्नायू व हृदयावर त्यांचा घातक परिणाम होतो. तरीही हे पेय चालते, कारण बेरियम सल्फेट ‘अल्पविद्राव्य’ आहे. अल्पविद्राव्य म्हणजे अविद्राव्य नव्हे : २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात ते सुमारे २.५ मिलिग्रॅम विरघळतेच. संपृक्त द्रावणात स्फटिकातून जितके आयन सुटतात तितकेच परत त्यावर बसतात. या समतोलात बेरियम व सल्फेट आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर राहतो, तोच ‘विद्राव्यता गुणाकार’ (येथे सुमारे १.१ × १०⁻¹⁰). सल्फेट आयन वाढले की बेरियम आणखी कमी सुटते.

बेरियम कार्बोनेटही पाण्यात अल्पविद्राव्यच. पण जठरातील आम्लात ते विरघळते, म्हणून ते उंदरांचे विष म्हणून वापरले गेले. मजकुरातील डॉक्टर बाटलीवरचे ‘सल्फेट’ हा शब्द दोनदा वाचतात, ते याच कारणाने.